एक वीत डावीकडे

रोज सकाळी, पहिला रोगी आत येण्याआधी, ओरिनशा ऑपरेशनच्या टेबलावर स्वतः आडवी होत असे. चपला काढायच्या, झग्याच्या कडा गुडघ्यांखाली दाबून घ्यायच्या आणि रिमोट हातात धरून पडायचं. मग डोकं खाली, पाय वर. मग डावी कूस, उजवी कूस. मग पुन्हा सपाट. सगळं मिळून एखाद्या मिनिटाचं काम. उतरल्यावर ती गादी पुसून काढी, तळहाताने एकदा दाबून बघी आणि कुणी विचारलेलं नसताना म्हणे, "चालेल. माणूस झोपवा."

भूल देणारी झोया पेत्रोव्ना तिच्याच वयाची. ती औषधांच्या नळ्या जोडता जोडता टोमणा मारायची, "ओरिनशा, एक दिवस विसरून तुलाच भूल देईन बघ."

"दे की. निदान झोप तरी होईल."

अल्माटीतल्या त्या इस्पितळात ओरिनशाने सव्वीस वर्षं टेबल सांभाळलं. तिच्या कामाला धड नाव नव्हतं. कागदावर ती 'सहायक परिचारिका' होती, पण सगळे तिला टेबलवाली म्हणत. पहिलं टेबल तेलाच्या पंपावर चालायचं. पायाखालचा दांडा दाबला की वर, सोडला की सुस्कारा टाकत खाली. त्या टेबलाने तिच्या उजव्या पोटरीला डाव्या पोटरीपेक्षा बोटभर जाड करून ठेवलं होतं. सर्जन दौलेतखान, ज्यांना सगळे आदराने दौके म्हणत, नुसती मान हलवायचे आणि ओरिनशाचा पाय बरोबर तेवढाच दबायचा. त्या दोघांत वर्षानुवर्षं टेबलाबद्दल एक शब्द बोलला गेला नाही. बोलायची गरजच नव्हती.

मग रोबोट आला. चार लांब हातांचा, प्लास्टिकच्या पारदर्शक पिशव्या चढवलेला. त्याच्याबरोबर नवं टेबलही आलं, आणि या टेबलाची तऱ्हाच वेगळी होती. दुसरीकडच्या जुन्या रोबोटांचे हात पोटात छोट्या छिद्रांतून घातलेल्या नळ्यांना जोडले की टेबल हलवायची बंदी असायची. हलवायचंच तर हात सोडायचे, बाजूला घ्यायचे, टेबल कलवायचं, पुन्हा हात जोडायचे. त्यात पाव तास जायचा. नवं टेबल आणि रोबोट एकमेकांशी बोलायचे. टेबल जितकं कललं तितकेच रोबोटचे हातही कलायचे, जोडलेल्या नळ्या जागच्या जागी राहायच्या आणि आतली आतडी आपल्याच वजनाने बाजूला सरकून सर्जनला वाट मोकळी करून द्यायची. दौकेंनी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "घोडा आणि स्वार." त्यांच्या तोंडून ही मोठी शाबासकी होती.

पण या दोघांचं बोलणं आधी जुळवावं लागे. जमिनीवर पिवळ्या पट्टीने टेबलाची जागा आखलेली होती. टेबल बरोबर त्या खुणेवर उभं करायचं, चाकं अडकवायची, मग यंत्राच्या पडद्यावरचं एक बटण दाबायचं. त्या क्षणी रोबोटला कळायचं की टेबलाचं डोकं कुठे आणि पाय कुठे. ही जुळणी करायचं काम लेव नोगायचं. तो यंत्रतज्ज्ञ, कोरियन घरातला, अट्ठेचाळीस वर्षांचा, कमी बोलणारा. जुळणी झाली की तो तक्त्यावर सही करायचा. ओरिनशा त्याला ल्योवा म्हणायची, आणि तो इतरांसारखाच तिला आपाय, म्हणजे मोठी ताई.

पिवळी खूण ज्या तंत्रज्ञांनी आखली, ते परदेशातून आले होते. त्यांनी खोलीची मापं घेतली, विजेच्या तारा बघितल्या, आणि टेबल असं मांडलं की रोग्याचे पाय नेमके दाराकडे आले.

पहिल्याच आठवड्यात पंचाहत्तरीची एक म्हातारी टेबलावर पडली. तिने मान उचलून आपल्या पावलांकडे बघितलं. पावलांच्या पलीकडे दार. तिने फक्त पाय आखडून घेतले. ओरिनशाने गुडघे सरळ केले, तिने पुन्हा आखडले. मग ओरिनशाला समजलं. तिच्या आईने घरात कधी कुणाला दाराकडे पाय करून झोपू दिलं नव्हतं. तसं घराबाहेर जायचं ते एकदाच, आणि तेही स्वतःच्या पायांनी नाही.

तिने टाचेने चाकांची अडकण सोडली, टेबल डावीकडे एक वीत फिरवलं आणि पुन्हा अडकवलं. आता पावलांसमोर दार नव्हतं, भिंतीवरचं घड्याळ होतं. म्हातारीने पाय लांब केले आणि डोळे मिटले.

त्या दिवसापासून प्रत्येक वेळी ओरिनशा टेबल वीतभर फिरवू लागली. कुणाला सांगितलं नाही. सांगायचं काय? मोठमोठ्या डॉक्टरांसमोर मढ्याच्या गोष्टी करायच्या? आणि टेबल तर नीटच चालत होतं. दहा ऑपरेशनं झाली, वीस झाली, टेबल कललं, हात कलले, काही बिघडलं नाही. पिवळ्या खुणेच्या बाहेर टेबलाची एक कड डोकावायची. तेवढ्याने काय होतं, असं ती मनाशी म्हणायची, आणि म्हणताना खाली बघायची नाही.

ऑक्टोबरच्या एका मंगळवारी उल्तुआर आली. तालगारजवळच्या गावातली, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी, रुंद हातांची बाई. गर्भाशय काढायचं होतं. टेबलावर चढतानाच ती म्हणाली, "आपाय, मला दाराकडे पाय करून नका पाडू. माझी सासू अशीच गेली."

"नाही पाडत. झोप तू."

ओरिनशाने टेबल फिरवलं. उल्तुआरने तिचा हात धरला आणि भूल चढेपर्यंत सोडला नाही.

ल्योवाने सकाळीच जुळणी करून सही केली होती. त्या वेळी तो खोलीत नव्हता. शेजारच्या ऑपरेशनच्या खोलीतला मोठा दिवा विझला म्हणून त्याला तिकडे बोलावलं होतं. रोबोट आत आणला, नळ्या घातल्या, हात जोडले. दौके कोपऱ्यातल्या रोबोट चालवायच्या खुर्चीत बसले, डोळे भिंगांना लावले आणि म्हणाले, "डोकं खाली, आपाय. पंधरा अंश."

तिने बटण दाबलं.

टेबल कललं. रोबोटचे हातही कलले, पण भलत्याच दिशेला, एक वीत चुकून. पोटावरची कातडी एका नळीभोवती तंबूसारखी उचलली गेली. लाल दिवा लागला, हात थिजले, पण तोवर नळी फाटत बाहेर आली होती. पोटात रक्त भरू लागलं. दौके खुर्चीतून उठून आले, त्यांनी हातात पातं घेतलं आणि जुन्या पद्धतीने, बेंबीपासून खाली, पोट उघडलं.

"टेबल सपाट," ते म्हणाले.

ओरिनशाने सपाट केलं. तिची बोटं ठरल्याप्रमाणे चालत होती. नजर जमिनीवर होती, जिथे पिवळ्या पट्टीबाहेर टेबलाची कड वीतभर आली होती.

उल्तुआर वाचली. तीन दिवसांत घरी जायची ती अकरा दिवस राहिली आणि तिच्या पोटावर कायमची एक जाड रेघ राहिली. ऑपरेशन संपल्यावर, सगळे हात धुवायला गेलेले असताना, ओरिनशाने टाचेने अडकण सोडली आणि टेबल परत खुणेवर आणून ठेवलं. हे तिने का केलं, ते तिला नंतर कधी नीट सांगता आलं नाही. पसारा आवरायची सवय, असं ती स्वतःला दोन दिवस सांगत राहिली. तिसऱ्या दिवशी तिला ते पटेनासं झालं.

चौकशी बसली. तीन माणसं आली, टेबल मोजलं; टेबल खुणेवर होतं. रोबोटच्या नोंदीत मात्र कोन चुकलेला दिसत होता. म्हणजे जुळणी नीट झाली नव्हती. म्हणजे ल्योवा.

ओरिनशाला विचारलं, "तुम्हाला काही वेगळं दिसलं?"

"नाही," ती म्हणाली.

ल्योवाला विचारलं. तो म्हणाला, "हात जोडण्याआधी मी पुन्हा तपासायला हवं होतं. तपासलं नाही."

त्याला रोबोटपासून दूर केलं. तळघरात स्ट्रेचरची आणि चाकाच्या खुर्च्यांची दुरुस्ती चालायची, तिथे बसवलं. रोबोट आला तेव्हा त्याच्या म्हाताऱ्या आईने सगळ्या गल्लीला सांगितलं होतं की माझा ल्योवा आता पोटाच्या आत काम करणाऱ्या यंत्राचा मालक आहे. आता तो आईला काय सांगत असेल, हा विचार ओरिनशाला ट्रॉलीबसमध्ये यायचा, आणि तिचा थांबा मागे पडायचा.

तिच्या माहेरी लहान मुलांना कुणी मार खाशील म्हणून धाक घालत नसे. लाज वाटेल, एवढंच म्हणत. तेवढं पुरत असे. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी ते पुन्हा पुरू लागलं. सून काही विचारायची तर ती ओट्याकडे तोंड करून उत्तर द्यायची. सकाळचं टेबलावर आडवं होणं तिने बंद केलं.

"आज झोपली नाहीस?" झोयाने विचारलं.

"कंबर धरलीय."

झोयाने तिच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि पुन्हा नळ्या जोडू लागली.

आणि उल्तुआर तर आणखीच जीव घेत होती. ओरिनशा वॉर्डात गेली की ती शेजारणीला सांगायची, "हीच ती. शेवटपर्यंत माझा हात धरून होती." मग ओरिनशाचा हात हातात घ्यायची. तो हात काढून घेता यायचा नाही आणि ठेवताही यायचा नाही.

ऑपरेशननंतर बारा दिवसांनी ओरिनशाने बाउरसाक तळले. पिठाचे ते गरम गोळे एका निळ्या डब्यात भरले आणि रविवारी दुपारी ल्योवाच्या घरी गेली. दार त्याच्या आईने उघडलं. ल्योवा जमिनीवर मांडी घालून गाजर किसत होता, कोरियन तऱ्हेने, लांब लांब काड्यांसारखं. तो उठायला लागला.

"बस, बस," ती म्हणाली. "ल्योवा, मला तुला एक सांगायचंय."

"चहा घ्या आधी."

"चहा नको. टेबल मी फिरवलं होतं."

त्याने हातातलं गाजर खाली ठेवलं. "माहीत आहे, आपाय."

तिने निळा डबा जमिनीवर ठेवला.

"पहिल्या आठवड्यापासून माहीत आहे," तो म्हणाला. "रोज सकाळी मी खुणेवर जुळणी करायचो, तुम्ही रोगी आला की टेबल फिरवायचात. मग मी प्लग तपासायच्या निमित्ताने पडद्याशी जायचो आणि नव्या जागेवर पुन्हा जुळवायचो. दीड मिनिट लागायचं. त्या दिवशी दिव्याने घोटाळा केला."

"मग मला बोलला का नाहीस?"

त्याने किसणीच्या दातांत अडकलेली एक काडी काढली. "काय बोलणार? तुम्ही माझ्याहून मोठ्या. सगळ्यांदेखत सांगायचं, की आपाय, टेबल फिरवू नका? आणि एकटं गाठून सांगितलं असतं, तरी तुम्हाला कळलं असतं की मला कळलंय. तुम्हाला अवघडल्यासारखं झालं असतं. म्हटलं, राहू दे. दीड मिनिटाचा तर प्रश्न आहे."

"आणि चौकशीत?"

"तिथे तर मुळीच नाही."

ती भिंतीशी ठेवलेल्या उशीवर बसली. तिला वाटलं होतं की आपण एक चूक झाकली आहे. तिला आता दिसत होतं की तीन महिने कुणीतरी रोज आपल्याला झाकत होतं, आणि आपण ते अंगावर घेऊन, ऊब लागते आहे, म्हणून खुशीत चालत होतो.

म्हातारी चहा घेऊन आली. "माझ्या ल्योवाला खाली बढती मिळाली म्हणे," ती म्हणाली. "सगळी चाकं आता त्याच्याच हाताखाली."

ल्योवाने आईकडे बघितलं नाही. ओरिनशानेही बघितलं नाही. दोघं चहात बघत होते.

निघताना त्याने निळा डबा धुऊन त्यात गाजराची कोशिंबीर भरून दिली. रिकामा डबा परत द्यायची रीत त्यांच्याकडेही नव्हती.

सोमवारी सकाळी सगळ्या विभागाची उभ्या-उभ्याची बैठक असायची. दौके आठवड्याची यादी वाचत. यादी संपली तेव्हा ओरिनशा म्हणाली, "दौके, मला बोलायचंय."

सव्वीस वर्षांत ती त्या बैठकीत बोलली नव्हती. दौकेंनी चष्मा काढला.

तिने सांगितलं. दार, म्हातारीचे आखडलेले पाय, एक वीत. ऑपरेशननंतर टेबल परत खुणेवर सरकवलं, तेही. विचारल्यावर नाही म्हटलं, तेही. ल्योवा रोज काय करत होता, ते सर्वांत शेवटी. तिचा आवाज चढला नाही की दाटला नाही. फक्त झग्याचं वरचं बटण ती सारखं लावत होती आणि काढत होती.

मग झोया म्हणाली, "मीसुद्धा बघत होते. मला वाटलं, ही वाऱ्याच्या झोतासाठी फिरवते."

"मला दिसलं होतं," कोपऱ्यातून एक परिचारिका म्हणाली. "मला वाटलं, ल्योवाने सांगितलं असेल."

दौकेंनी हातातली यादी समोरच्या मेजावर ठेवली. "टेबल मला त्या कोपऱ्यातूनही रोज दिसतं," ते म्हणाले. "डोळे भिंगांना लावण्याआधी मी एकदा बघतो. तिरकं आहे, हे मला दिसायचं. म्हटलं, आपायने ठेवलंय, म्हणजे काहीतरी असेल. विचारायला हवं होतं. बसा, आपाय."

ती बसली नाही. तिने खिशातून रिमोट काढला आणि त्या यादीवर ठेवला.

सगळं कागदावर आलं. ओरिनशाला लेखी ताकीद मिळाली, ल्योवा तळघरातून वर आला. पण त्याला रोबोटजवळ उभं पाहून तिला हायसं वाटलं नाही. तो पूर्वीसारखाच वागत होता, आणि तेच तिला सोसवत नव्हतं.

एक काम उरलं होतं. ती लहान बसने तालगारला गेली. उल्तुआर अंगणात सफरचंदं निवडत होती, वाकताना एक हात पोटावर. ओरिनशाने उभ्यानेच सगळं सांगितलं. तुझ्या पोटावरची रेघ माझ्यामुळे आहे, असं सरळ शब्दांत.

उल्तुआरने डागी सफरचंद बाजूला टाकलं. "म्हणजे त्या दिवशी तुम्ही खरंच पाय फिरवले होते?"

"फिरवले."

"मग म्हणूनच मी वाचले." ती समाधानाने म्हणाली. "यंत्र बिघडलं, पोट फाटलं, एवढं रक्त गेलं, आणि तरी मी इथे बसलेय. पाय दाराकडे असते तर?"

"उल्तुआर, पाय फिरवले म्हणूनच यंत्र बिघडलं."

"यंत्राचं सांगू नका मला. आमच्या शाळेचं भांडी धुण्याचं यंत्र न फिरवताही बिघडतं."

ओरिनशाने पुन्हा सांगायचा प्रयत्न केला. उल्तुआरने ऐकून घेतलं, मान हलवली आणि आत जाऊन कुर्त नावाच्या पदार्थाची एक पिशवी आणली. उन्हात वाळवलेले, दगडासारखे कडक, खारट दह्याचे गोळे. ती पिशवी तिने ओरिनशाच्या हातात कोंबली. राग झेलायची तयारी करून गेलेली बाई परतीच्या बसमध्ये ती पिशवी मांडीवर घेऊन बसली. त्यातला एक गोळाही तिने कधी खाल्ला नाही. कुर्त वर्षानुवर्षं टिकतं. कपाट उघडलं की ते समोर असायचं.

पुढच्या आठवड्यात ल्योवाने गुडघ्यांवर बसून पिवळी पट्टी खरवडून काढली आणि नवी आखली, भिंतीवरच्या घड्याळाकडे, एक वीत डावीकडे. परदेशातल्या तंत्रज्ञांना पत्र गेलं. त्यांनी कळवलं की कोन कुठलाही चालतो, खूण आणि जुळणी एक असली की झालं. म्हणजे कुणी एकदा विचारलं असतं, तर पहिल्याच दिवशी हे झालं असतं. दौकेंनी ते पत्र वाचून दाखवलं तेव्हा ओरिनशा खिडकीबाहेर बघत होती.

त्यानंतर ती खोलीत यायची, चादरी घालायची, रोग्याचा हात धरायची, पण टेबलाला आपणहून हात लावायची नाही. चालताना पिवळी पट्टी ओलांडायची वेळ आली तर वळसा घ्यायची. रिमोट आता झोयाच्या मदतनीस बाईकडे होता. निळा डबा मात्र येत-जात राहिला. कधी बाउरसाक, कधी गाजर.

मे महिन्यात ती निवृत्त झाली. शेवटच्या सकाळी ती नेहमीप्रमाणे लवकर आली. ल्योवा पडद्याशी होता. त्याने जुळणी केली, सही केली, मग रिमोट हातात घेऊन टेबलाशी उभा राहिला.

"आपाय, एकदा झोपा."

"आता मी कशाला?"

"ऑक्टोबरपासून कुणी झोपून बघितलेलं नाही. माझा भरवसा बसत नाही."

झोया औषधं भरत होती. तिने मान वर केली नाही. "झोप ग," ती म्हणाली. "आज भूल देत नाही."

ओरिनशाने चपला काढल्या, झग्याच्या कडा गुडघ्यांखाली दाबल्या आणि आडवी झाली. पावलांसमोर घड्याळ होतं. आठाला दहा कमी होते. ल्योवाने टेबल कलवलं. डोकं खाली, पाय वर, डावी कूस, उजवी कूस. तिचे डोळे उघडे होते आणि छताकडे लागलेले होते. टेबल सपाट झालं तरी ती क्षणभर उठली नाही. चालेल, असं ती आता म्हणेल, म्हणून दोघं थांबले होते.

तिने तळहात पाठीखाली घालून गादी चाचपली.

"इथे शिवण उसवलीय, ल्योवा," ती म्हणाली. "पाठीला टोचतं. कुणाकडून तरी शिवून घे."